समान रुंदीची अक्षरे

आपल्या ग्रंथालयाच्या इंग्रजी विभागातील जुनी तालिकापत्रे ज्यांनी चाळली आहेत, त्यांना टंकलिखित अक्षरांची एक गंमत जाणवली असेल. तेथे किडकिडीत 'आय' आणि ऐसपैस 'एम' यांना सारखीच जागा मिळते. यात समतेचा विचार नव्हता. कोणतीही कळ दाबली तरी यंत्राची गाडी एक ठरावीक टप्पाच सरके.

या बंधनातून घडलेल्या टंकांत 'कुरिअर' सर्वांत प्रसिद्ध. हॉवर्ड केटलर यांनी १९५५ च्या सुमारास आयबीएम कंपनीच्या टंकलेखनयंत्रांसाठी तो रेखाटला. 'आय'च्या दोन्ही बाजूंस पोकळी राहून शब्द विसविशीत दिसू नये म्हणून त्यांनी त्याच्या पायाशी रुंद, चपटी पट्टी दिली. 'एम'ला मात्र अंग चोरून उभे राहावे लागले. रेषांची जाडी सर्वत्र जवळजवळ एकच. हा टंक रुक्ष आहे, असे रसिक म्हणतात. मला तो प्रामाणिक वाटतो. कंपनीने त्यावर कायदेशीर हक्क न सांगितल्याने इतर उत्पादकांनीही तो उचलला आणि कचेऱ्यांचे ते जणू हस्ताक्षरच झाले.

आपल्या देवनागरीला ही समान मापाची चौकट जाचकच ठरली. मी टंकलेखन शिकलो तेव्हा कित्येक अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशी दोन ठोक्यांत जुळवावी लागत. शिरोरेषा सांधली गेली तर नशीब!

यंत्र गेले, तरी टंक उरला. इंचाला दहा अक्षरे या हिशेबामुळे मजकूर मोजता येतो. इंग्रजी चित्रपटांच्या पटकथा आजही बारा पॉइंटच्या कुरिअरमध्ये लिहितात; एक पान म्हणजे पडद्यावरचा सुमारे एक मिनिट, असा ठोकताळा आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही समान रुंदीचेच टंक लागतात, कारण तेथे एक स्वल्पविराम नजरेतून सुटला तरी काम अडते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मात्र २००४ साली 'कुरिअर न्यू'ला निरोप देऊन 'टाइम्स न्यू रोमन' स्वीकारला.

आपली तालिकापत्रे सगळी कुरिअरचीच असतील असे नाही. पण कुळ तेच. ती कोणी टंकित केली, याची नोंद मला कोठे आढळली नाही. संगणकीय सूची आल्यापासून ते कप्पे अडगळीत पडले आहेत. रद्दी काढताना त्यांतील एक तरी कप्पा राखून ठेवावा, अशी कार्यकारी मंडळास विनंती आहे.