भातुकलीतलं युद्ध

भातुकलीत आई झालेली मुलगी नेहमी स्वतःच्या आईसारखीच ओरडते. बिल्याना स्रब्ल्यानोविच या सर्बियन नाटककर्तीने एवढ्याशा गोष्टीवर एक अख्खं नाटक उभं केलं.

‘कौटुंबिक कथा’ हे तिचं १९९८चं नाटक. बेलग्रेडमधल्या एका मोडक्या मैदानात मुलं घर-घर खेळतायत. बाप झालेला मुलगा मारतो, आई झालेली मुलगी ते मुकाट सोसते आणि नादेझ्दा नावाच्या मुलीला सगळे कुत्र्यासारखं वागवतात. खेळातले आईबाप पुन्हा पुन्हा मरतात आणि पुढच्या खेळात परत उभे राहतात. या मुलांच्या भूमिका मोठ्या नटांनीच करायच्या. मी हे नाटक इंग्रजीतून वाचलं. सुरुवातीला हसू आलं, मग येईना.

बिल्यानाचा जन्म १९७०चा, स्टॉकहोमचा. बेलग्रेडला ती नाट्यशास्त्र शिकली. ती विशीत असताना युगोस्लाव्हिया फुटला. युद्ध, निर्बंध आणि भयानक महागाई आली. तिच्या वयाची कितीतरी मुलं देश सोडून गेली. १९९७च्या ‘बेलग्रेड त्रयी’त तीच मुलं भेटतात. ३१ डिसेंबरची रात्र. कुणी प्रागमध्ये, कुणी सिडनीत, कुणी लॉस एंजेलिसमध्ये. नावात बेलग्रेड असलं, तरी ते शहर दिसतं ते थेट शेवटी. ज्यांच्या घरातलं कुणी परदेशात आहे, त्यांना ही रात्र ओळखीची वाटेल.

१९९९मध्ये नाटोने सर्बियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले. तेव्हा बेलग्रेडमधून लिहिलेली तिची डायरी जर्मनीच्या ‘देर श्पीगल’मध्ये छापून आली. वर बॉम्ब टाकणारे आणि खाली मिलोशेविचची राजवट, दोघांनाही तिचा विरोध होता. अशा वेळी एक बाजू निवडणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात. तिने ते केलं नाही. २००८मध्ये ती बेलग्रेडच्या महापौरपदासाठी उभी राहिली आणि हरली.

२०१३मध्ये तिने गाव्रिलो प्रिन्सिपवर नाटक लिहिलं. १९१४मध्ये सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळी घातली, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. सर्बियात अनेकांसाठी तो वीर, इतरत्र अनेकांसाठी दहशतवादी. मला मात्र तो ‘कौटुंबिक कथा’तल्या मुलांचा थोरला भाऊ वाटतो. मोठ्यांनी मांडलेला डाव त्याच्याही हाती आला होता, फक्त त्याच्या हातातलं पिस्तूल खरं होतं.