८ सप्टेंबर १८३६ : चार धर्मोपदेशकांचे मंडळ

हार्वर्डच्या द्विशताब्दी सोहळ्याच्या गर्दीतून बाजूला होऊन केंब्रिजच्या विलर्ड्स हॉटेलात या दिवशी चौघे बसले : इमर्सन, हेज, रिप्ले आणि पुटनम. चौघेही युनिटेरियन या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. इमर्सन यांनी मात्र चर्चमधले पद १८३२ मध्येच सोडले होते. आपल्या पंथातला विचार कोरडा पडत चालला आहे, ही सगळ्यांची बोच. मेन राज्यातल्या बँगोरहून हेज आले की बैठक भरे, म्हणून नाव ‘हेज क्लब’. जेमतेम चार वर्षे टिकलेल्या गप्पांना इतिहासात जागा कशाला, असे कुणी म्हणेल. पण अशा मंडळाचे मोल त्यातून काय उगवले यावरूनच करावे. पुढच्याच वर्षी कॉन्कॉर्डला इमर्सन यांच्या घरी मार्गारेट फुलर चर्चेला बसल्या, एका स्त्रीसाठी ही त्या काळात मोठीच गोष्ट. १८४० मध्ये याच वर्तुळातून ‘द डायल’ हे त्रैमासिक निघाले. त्याच्या पहिल्या संपादक फुलरच होत्या.