तोबराभर धान्य आणि ओस गावं

माणदेशात, खटावात किंवा आटपाडीकडं एखाद्या गावची शीव पायी फिरलात, तर मुरमाड रानात मध्येच राखी-पांढऱ्या मातीचा उंचवटा लागतो. नांगराच्या तासात खापरं वर येतात. काचेच्या बांगडीचा तुकडा, जात्याची फुटकी तळी, कधी भाजक्या मातीचा मणी. बांधाला शेंदूर फासलेला वीरगळ टेकवलेला असतो आणि जवळपास एखादा म्हसोबा. शेतकरी त्या तुकड्याला ‘पांढरीचं रान’ म्हणतात. तिथं कधीकाळी गाव नांदत होतं.

माझी सगळी नोकरी तलाठी म्हणून याच भागात गेली. पीकपाहणीला बांधाबांधानं हिंडताना अशी रानं मी पाहत आलो. गावनकाशावर तिथं नुसता गट नंबर, सातबाऱ्यावर आजच्या मालकाचं नाव. वस्ती उठलेल्या एखाद्या गावापुढं दप्तरात ‘बेचिराख’ असा शेरा तरी असतो. या पांढरींना तेवढाही नाही, कारण त्यांचं शिवारच दुसऱ्या गावात विरघळलं. ते कसं, याचा धागा मला ग्रँट डफच्या इतिहासात मिळाला.

हा जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्यानं जुने कागद जमवून लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. त्यात दुर्गादेवीच्या दुष्काळाची हकीकत आहे. १३९६ साली पाऊस गेला आणि बारा वर्षं ती अवदसा हटली नाही. मुलूख ओस पडला. गड-किल्ले पुंडांच्या हाती गेले. परतून येणाऱ्या रयतेलाही ते टिकू देईनात. पुढं १४२९ च्या सुमारास बहमनी सुलतानानं मलिक-उत्-तुजार याला फौज देऊन पाठवलं. त्याच्यासोबत मुलखाची घडी बसवायला दादो नरसो काळे नावाचा जाणता कारभारी आणि दरबारातला एक तुर्की खोजा असे दोघे होते. पहिली मोहीम झाली ती आपल्याच खटाव देशात आणि महादेवाच्या डोंगरात. मग फौज वाईकडं गेली.

दादो नरसोपुढचा पेच मला फार जवळचा वाटतो. जमीन होती, पण शीव सांगणारा माणूस उरला नव्हता. कुठल्या ओढ्यापर्यंत कुणाचं रान, कुठला दगड कुणाच्या हद्दीचा, हे सांगणारे मेले किंवा परागंदा झाले होते. तेव्हा त्यानं दोन-दोन, तीन-तीन गावांची जमीन एकत्र करून मोठी गावं बांधली. जो कसायला तयार, त्याला रान दिलं. पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याच्या तोबऱ्यात मावेल एवढं धान्य. माझ्या सगळ्या नोकरीत याहून शहाणी सवलत माझ्या वाचनात आली नाही.

म्हणूनच एका गावच्या शिवारात दोन-तीन पांढरी सापडतात, असं मी मानतो. सगळ्याच त्या एका दुष्काळातल्या नसतील. काही त्याहून पुष्कळ जुन्या असतील, काही विहिरीचं पाणी आटलं म्हणून पलीकडं सरकलेल्या वस्तीच्या. त्याचा निवाडा खापरं करतील, पण त्यासाठी पांढर जागेवर हवी.

नीट खणलं तर माती किती बोलते, हे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावनं दाखवलं. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं तीन हजार वर्षांपूर्वीची शंभरावर घरं उघडी केली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी पुढं लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी होत गेला आणि गावाची ऐपत खालावली, असं पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी त्यावरून मांडलं. इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं गाव मेंढ्यांची कुरणं करण्यासाठी पंधराव्या-सोळाव्या शतकात रिकामं झालं. १९५० पासून चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात बेरेसफर्ड आणि हर्स्ट या संशोधकांनी तिथं उत्खनन चालवलं. तेही साध्या शेतकऱ्यांचंच गाव होतं. त्याला चाळीस वर्षं द्यावीशी वाटली, याचंच मला अप्रूप.

आपल्या डोळ्यांदेखतही गावं उठली आहेत. चांदोलीचं अभयारण्य १९८५ साली झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. वारणेच्या उगमाकडची झोळंबीसारखी गावं खाली आली आणि त्यांच्या शेतांची कुरणं झाली. पण त्या माणसांकडं निदान कागद आहेत, जुन्या घराची जागा सांगणारी म्हातारी माणसं आहेत. दुर्गादेवीत उठलेल्यांची साक्ष फक्त ती पांढरी माती देते.

आणि तीच आपण उपसतो आहोत. पूर्वी माळवदावर टाकायला पांढरी माती नेत, ती पाट्यांनी, फार तर बैलगाडीनं. “तात्या, पांढरीची माती पसरली की दोन वर्षं खताकडं बघायला नको,” असं शेतकरी मला सांगत, आणि ते खरंच आहे. राख, शेण, हाडं मुरून ती माती सकस झालेली असते. आता जेसीबी लागतो. एका दिवसात उंचवटा सपाट होतो आणि शेकडो वर्षांची चूल, जोतं, उंबरा ट्रॉलीतून द्राक्षबागेत जातो. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

नव्या तलाठ्यांना मी एकच काम सुचवतो. पीकपाहणी करताना खापरं दिसली, तर गट नंबर, उंचवट्याची लांबी-रुंदी आणि वीरगळाची जागा लिहून घ्या, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाला पाठवा. एका गावाला दोन पानं पुरतात.