किबुत्झमधली बालघरं

दुपारी चारच्या सुमारास किबुत्झच्या पायवाटांवर एकच पळापळ व्हायची. बालघरातून सुटलेली मुलं आईबाबांच्या खोलीकडे धावत सुटायची. खाऊ, खेळ, गप्पा यांत दोन-तीन तास जायचे. मग तेच आईबाबा मुलांना पुन्हा बालघरात नेत, पांघरूण घालत आणि आपल्या खोलीवर परतत. रात्री मूल दचकून उठलं, तर त्याच्यापाशी येणारी बाई रात्रपाळीची असे. ती रोज तीच असेल असंही नाही, कारण पाळ्या बदलत राहायच्या.

इस्रायल हे राष्ट्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, 1910 मध्ये, गॅलिली सरोवराच्या काठी देगानिया ही पहिली सामुदायिक वसाहत, म्हणजेच किबुत्झ, उभी राहिली. जमीन सर्वांची, कमाई सर्वांची, जेवण एका पंक्तीत. पुढे बहुतेक किबुत्झमध्ये मुलांचं संगोपनही सामुदायिक झालं. त्यामागे तत्त्व होतं आणि अडचणही होती. बाई चूल-मुलात अडकली तर स्त्री-पुरुष समानता कागदावरच राहील, हे तत्त्व. आणि मोठी माणसं तंबूत राहत असताना निदान मुलांच्या डोक्यावर तरी पक्कं छप्पर असावं, ही अडचण. त्या काळात अनेक वसाहतींतली सर्वांत मजबूत इमारत बालघराचीच असे. मुलांवर माया नव्हती म्हणून त्यांना दूर ठेवलं, असं म्हणणं त्या पिढीवर अन्याय करणारं ठरेल.

बाळ काही दिवसांचं असतानाच शिशुगृहात जाई. आई कामावरून येऊन दूध पाजून जाई. सहा-आठ मुलांचा एक गट एकत्र जेवे, एकत्र न्हाई, एकाच खोलीत झोपे. मोठं होताना हा गट दुसऱ्या गटात मिसळे, पण सोबती बहुधा तेच राहत.

या सोबत्यांची पुढे लग्नं होतील, असं पालकांना वाटणं स्वाभाविक होतं. मुलं वसाहतीतच राहिली असती, आणि मनाई तर कुणाचीच नव्हती. तरीही तसं घडलं नाही. योनिना तालमोन यांनी तीन किबुत्झमधल्या 125 जोडप्यांची पाहणी केली, तेव्हा एकाच गटात वाढलेलं एकही जोडपं सापडलं नाही. 1971 मध्ये जोसेफ शेफर यांनी 2,769 विवाहांची नोंद तपासली. एकाच गटातल्या दोघांची लग्नं निघाली फक्त 14, आणि त्यांतलं एकही जोडपं पहिली सहा वर्षं सलग एकत्र वाढलेलं नव्हतं. फिनलंडच्या एडवर्ड वेस्टरमार्क यांनी 1891 मध्ये मांडलं होतं की बालपणी एकमेकांच्या सहवासात वाढलेल्यांत पुढे ओढ निर्माण होत नाही. शेफर यांच्या आकड्यांमध्ये अनेकांना त्याचा पुरावा दिसला.

पण माणसाच्या मनाचा हिशेब इतका सरळ नसतो. शोर आणि सिमखाई या अभ्यासकांनी किबुत्झमध्ये वाढलेल्या 60 जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि 2009 मध्ये निष्कर्ष मांडले. गटातलं कुणीतरी आपल्याला आवडत होतं, हे अनेकांनी कबूल केलं. फक्त ते बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण घट्ट गटात जोडी जमली की गट फुटतो. हे स्पष्टीकरण जास्त पटतं. निव्वळ सवयीने ओढ मरते असं म्हणण्यापेक्षा, गट सांभाळण्यासाठी मुलं मन आवरायला शिकली असं म्हणणं त्यांच्या आठवणींशी अधिक जुळतं.

आई-मुलाच्या नात्याचं काय झालं? आईपासून ताटातूट झाली तर मूल आतून हादरतं, असं ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी 1951 पासून सांगत होते. साहजिकच मानसशास्त्रज्ञांची नजर किबुत्झकडे वळली. सर्वांत नेमकं उत्तर दिलं ते अव्राहम सागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1994 मध्ये. त्यांनी किबुत्झमधल्याच बाळांचे दोन गट तुलनेला घेतले. दोघांचाही दिवस सारख्याच चांगल्या प्रतीच्या शिशुगृहात जाई. फरक फक्त रात्रीचा होता. घरी झोपणाऱ्या बाळांपैकी 80 टक्के बाळांचं आईशी नातं सुरक्षित, निर्धास्त आढळलं. बालघरात झोपणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं.

तोवर ही प्रथा मोडतच आली होती, आणि ती मोडण्यात बालघरांत वाढलेल्या बायका पुढे होत्या. स्वतःच्या बाळाला रात्री सोडून परतायला त्या तयार नव्हत्या. बैठकांमध्ये वाद झडले, मतदान झालं, दोन खोल्यांच्या घरांना तिसरी खोली जोडावी लागली. 1991 च्या आखाती युद्धात क्षेपणास्त्रांच्या भीतीने अनेक ठिकाणी मुलं रात्री घरी आणली गेली, ती पुन्हा बालघरात गेली नाहीत. विसावं शतक सरेपर्यंत सामुदायिक झोपण्याची पद्धत जवळजवळ संपली.

पाळणाघरात मूल ठेवून कामावर जाणाऱ्या आईला आपल्याकडे आजही टोमणे ऐकावे लागतात. टोमणा मारणाऱ्यांनी सागी यांचे आकडे एकदा नीट पाहावेत. त्या 80 टक्के निर्धास्त बाळांचाही दिवस शिशुगृहातच जात होता.