पाहुणा वैमानिक : रॉबर्ट क्रोनफेल्ड

१/ जून १९३०. दक्षिण इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील इटफर्ड टेकडीवर एक ऑस्ट्रियन तरुण आपले बिनइंजिनाचे विमान घेऊन आला. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनच्या स्थापनेस जेमतेम सहा महिने झाले होते. पाहुण्याचे नाव रॉबर्ट क्रोनफेल्ड, विमानाचे नाव ‘वीन’, म्हणजे व्हिएन्ना, त्याचे जन्मगाव.

२/ ही विद्या वाढली ती जर्मनीत. व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आले, तेव्हा तेथील तरुण वासरकुप्पे डोंगरावर ग्लायडर उडवू लागले. क्रोनफेल्ड त्याच शाळेतला. १९२९ मध्ये ग्लायडरमधून १०० किलोमीटरहून अधिक अंतर कापणारा तो पहिला वैमानिक ठरला.

३/ इंग्रजांना त्याने काय दाखवले? डोंगरउतारावर आदळलेला वारा वर चढतो. त्या चढत्या वाऱ्याच्या पट्ट्यात राहिल्यास टेकड्यांची रांगच वाट होते. साउथ डाउन्सच्या कडेकडेने तो पोर्ट्समथजवळच्या बेडहॅम्प्टनपर्यंत, सुमारे ८० किलोमीटर गेला. टेकडीवरून खाली घसरत येणे हेच उड्डाण मानणाऱ्या नवख्यांना हा धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा मोलाचा होता.

४/ पुढच्याच वर्षी, २० जून १९३१ रोजी, त्याने इंग्लिश खाडी जाऊन-येऊन ओलांडली : फ्रान्समधील सँ-अँग्लव्हेरहून डोव्हर आणि परत. ‘डेली मेल’ वृत्तपत्राचे १,००० पौंडांचे बक्षीस त्याला मिळाले. खाडीवर ना टेकड्या, ना तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा. दुसऱ्या विमानाने ओढून जी उंची मिळवून दिली, तेवढेच भांडवल. ते सुमारे ३४ किलोमीटर पुरवायचे. (डोव्हरहून परतताना पुन्हा तेच!)

५/ आणि मग १९३३. क्रोनफेल्ड ज्यू होता. ज्या जर्मन ग्लायडिंगचे नाव त्याने युरोपभर नेले, तिचे दार नाझी राजवटीने त्याला बंद केले. तो आधी ऑस्ट्रियात आणि नंतर इंग्लंडला गेला. जेथे पाहुणा होता, तेथेच स्थायिक झाला आणि ब्रिटिश नागरिकही बनला.

६/ १० मे १९४० रोजी जर्मन सैनिक ग्लायडरमधून बेल्जियमच्या एबेन-एमाएल किल्ल्यावर उतरले. खेळ म्हणून जोपासलेली विद्या युद्धात उतरली होती. ब्रिटननेही लगबगीने लष्करी ग्लायडरचे काम हाती घेतले. या कामात जर्मन पद्धतीची नस जाणणारा वैमानिक ब्रिटिश हवाई दलाच्या गणवेशात हजर होता. नाझींनी हाकलून दिलेले ज्ञान शत्रूच्या पदरात पडले, याची दखल या कथेत क्वचितच घेतली जाते.

७/ युद्ध त्याने पार केले. चाचणी-उड्डाण मात्र नाही. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी शेपटीविना बांधलेल्या ‘जीएएल ५६’ या प्रायोगिक ग्लायडरचा तोल सुटला. सोबतचा निरीक्षक पॅराशूटने वाचला. क्रोनफेल्ड हॅम्पशायरमधील लोअर फ्रॉइल येथे विमानासह कोसळला. वय अवघे ४३.

८/ तेथून काही मैलांवर लॅशॅमचा विमानतळ आहे. १९५० च्या दशकापासून तो ब्रिटिश ग्लायडिंगचे एक मोठे केंद्र आहे आणि परदेशी वैमानिक आजही तेथे पाहुणे म्हणून येतात.