भिंतीतलं लाकूड

अमेरिकेत १९९१ नंतर बांधलेल्या एखाद्या मोठ्या अपार्टमेंट बिल्डिंगमध्ये राहत असाल, तर कमोडशेजारची भिंत जरा ठोकून बघा. बाकीची भिंत ढब्ब ढब्ब वाजते, इथे मात्र ठक्क असा भरीव आवाज यायला हवा. आत लाकूड आहे आणि ते कायद्याने घालायला लावलंय!

विटांच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातली मेख चटकन कळत नाही. तिथली भिंत म्हणजे साधारण सोळा-सोळा इंचांवर उभ्या लाकडी पट्ट्या आणि त्यावर अर्धा इंच जाडीचा जिप्समचा बोर्ड. त्यावर टॉवेलची दांडी टिकेल, पण पाय घसरलेला माणूस लोंबकळला तर? तिथल्या मानकानुसार ग्रॅब बारने, म्हणजे आधाराच्या दांडीने, २५० पौंड (साधारण ११३ किलो) जोर सोसायला हवा. मग स्क्रू पकडायला आत काहीतरी भक्कम लागणारच.

ही गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धानंतर. इलिनॉय विद्यापीठाने गेल्सबर्गच्या लष्करी इस्पितळात कॅम्पस काढला होता. तिथे टिमोथी न्यूजंट यांनी १९४८ मध्ये अपंग विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला, त्यात युद्धातून परतलेले सैनिकही होते. पुढच्याच वर्षी कॅम्पस बंद झाला. विद्यार्थी व्हीलचेअरसकट राजधानी स्प्रिंगफील्डला जाऊन धडकले. कॅम्पस काही वाचला नाही, पण कार्यक्रम अर्बाना-शॅम्पेनला हलवला गेला. तिथल्या मोजमापांतून आणि प्रयोगांतून १९६१ मध्ये एएनएसआय ए११७.१ हे मानक आलं. दांडी जमिनीपासून ३३ इंचांवर, जाडी दीड इंच, भिंतीपासून अंतर दीड इंच, इतका बारीक तपशील त्यात होता. पण सगळा भर सार्वजनिक इमारतींवर. घरांचं काय? काहीच नाही.

घरं आली ती १९८० च्या आवृत्तीत. इथे अडचण वेगळी होती. ऑफिसातली दांडी सगळ्यांसाठी असते, घरातली एका माणसासाठी. कुणाला डावीकडे हवी, कुणाला उजवीकडे, आणि धडधाकट माणसाला आपलं बाथरूम इस्पितळासारखं दिसायला नकोच असतं. यावरचा तोडगा असा, की दांडी नंतर लावा, पण भिंत आत्ताच तयार ठेवा. आमच्या धंद्यात पुढच्या व्हर्जनसाठी हुक ठेवतात ना, अगदी तसंच. रॉन मेस यांनी ही कल्पना लावून धरली. ते लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअर वापरणारे आर्किटेक्ट होते. १९८८ च्या फेअर हाउसिंग दुरुस्तीसाठीही ते झटले.

त्या दुरुस्तीनुसार १३ मार्च १९९१ नंतर वापरात आलेल्या, चार किंवा जास्त घरं असलेल्या इमारतींत हे लाकूड (किंवा तितकाच भक्कम आधार) बंधनकारक झालं. लिफ्ट असेल तर सगळ्या घरांत, नसेल तर तळमजल्यावर. स्वतंत्र बंगले मात्र सुटले आणि अमेरिकेतले बहुतेक लोक राहतात तिथेच! एलेनर स्मिथ यांच्या चळवळीमुळे अटलांटाने १९९२ मध्ये सरकारी मदतीतून बांधलेल्या छोट्या घरांना नियम लावले, पण देशभराचा कायदा काही झाला नाही.

याच कायद्याच्या नियमांतलं एक उदाहरण मला फार आवडतं. अपंग भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने भिंत मजबूत करून दांडी बसवायची म्हटली, तर घरमालक नाही म्हणू शकत नाही. भाडेकरू घर सोडताना मालक दांडी काढायला लावू शकतो, पण आतलं लाकूड नाही. त्याचा कुणाला त्रास नाही आणि पुढच्या एखाद्या भाडेकरूला ते लागू शकतं.

आपल्याकडे भिंत बहुधा विटांची किंवा काँक्रीटची, म्हणजे हे लाकडाचं झंझट नाही. ड्रिल आणि तासाभराचं काम. आई-बाबांकडे या वीकेंडला जाणार असाल तर बघा.