दोन मराठा संस्थाने, दोन दुर्मिळ मोटारी : इंदूरची ड्युझेनबर्ग आणि कोल्हापूरची मेबॅक

प्रस्तावना :
'सुपरकार' हा शब्द रूढ होण्यापूर्वीच त्या संकल्पनेस साजेशा मोटारी भारतीय संस्थानिकांच्या मोटारखान्यांत दाखल झाल्या होत्या. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची अमेरिकन ड्युझेनबर्ग आणि कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची जर्मन मेबॅक ही त्याची दोन ठळक उदाहरणे होत. दोन्ही मोटारी १९३० च्या दशकाच्या मध्यातील आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा तौलनिक विचार केला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी :
ड्युझेनबर्ग बंधू मूळचे जर्मन. अमेरिकेत स्थायिक होऊन त्यांनी शर्यतीच्या मोटारी बनविल्या. १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्याच मोटारीने जिंकली. १९२८ मध्ये आलेल्या 'जे' मालिकेच्या सुमारे ४८० मोटारी तयार झाल्या. तिच्या सुपरचार्जरयुक्त 'एसजे' प्रकाराची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचा कंपनीचा दावा होता. १९३७ मध्ये हा व्यवसाय बंद पडला.

मेबॅकचा उगम आकाशात आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी झेपेलिन हवाई जहाजांची इंजिने बनवीत असे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीतील विमान-उद्योगावर निर्बंध आले आणि कंपनी १९२१ पासून मोटारींकडे वळली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिने सुमारे १,८०० मोटारी बनविल्या.

दोन्ही कंपन्या प्रामुख्याने इंजिन व सांगाडा पुरवीत. वरचा साज स्वतंत्र कारागीर चढवीत. होळकरांच्या मोटारीचा नारिंगी-काळा साज लंडनच्या गर्नी नटिंगने घडविला होता.

उपयोग आणि उत्तरायुष्य :
येथे दोहोंच्या वाटा वेगळ्या होतात. उघड्या टपाची ड्युझेनबर्ग ही माणिकबाग राजवाड्याच्या आधुनिक अभिरुचीशी सुसंगत अशी वैयक्तिक हौस होती. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ही मोटार पुढे भारताबाहेर गेली व अमेरिकेतील संग्राहकांकडे पोहोचली. जगभरच्या जाणकारांत तिची कीर्ती मोठी आहे. इंदूरकरांच्या दैनंदिन जीवनाशी मात्र तिचा संबंध उरलेला नाही.

कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही रद्द झाले. तरी मेबॅक कोल्हापुरातच राहिली. विजयादशमीस छत्रपती याच मोटारीतून दसरा चौकात येतात, शमीपूजन होते आणि जमलेले करवीरकर सोने लुटतात. त्या क्षणी ती केवळ राजघराण्याची मालमत्ता राहत नाही. हत्ती-घोड्यांच्या लवाजम्याची जागा घेणारे ते सार्वजनिक वाहन ठरते.

निष्कर्ष :
संख्येच्या निकषावर दोन्ही मोटारी दुर्मिळ आहेत, आणि अभियांत्रिकीच्या निकषावर ड्युझेनबर्ग अधिक शक्तिशाली ठरू शकेल. परंतु वस्तूचे ऐतिहासिक मूल्य ती कोणाच्या स्मृतीत जिवंत आहे यावरही अवलंबून असते. एका मोटारीचे जतन संग्राहकांनी केले, दुसरीचे एका गावाच्या परंपरेने. वारसा टिकविण्याचे हे दोन मार्ग आहेत. पहिल्यात वस्तू निर्दोष राहते, दुसऱ्यात ती आपल्या माणसांत राहते. संस्थानी वारशाची नोंद करताना केवळ लिलावातील किंमत न पाहता हा दुसरा निकषही अभ्यासकांनी विचारात घ्यावयास हवा.